नोंदणीचा किऑस्क सांभाळताना : रुग्णालयात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

रुग्णालयाच्या दाराशी टच स्क्रीनचं एक मशिन उभं असतं, तोच किऑस्क. रुग्णानं त्यावर मोबाइल नंबर टाकायचा, आपलं नाव बघून होकार द्यायचा, टोकन घ्यायचं आणि जाऊन बसायचं. फ्रंट ऑफिसला नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, ‘हे आता तुम्ही बघा.’ नेमकं काय बघायचं, ते मात्र सांगायचं राहून जातं.

नाशिकमधलं शंभरेक खाटांचं, रोज चांगली ओपीडी असलेलं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. दवाखाना लहान असेल तर काही टप्पे गाळा. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात असाल तर केसपेपरची पद्धत वेगळी असेल, पण रांग तीच.

किऑस्कमुळे रांग आपोआप कमी होत नाही. काउंटरवरचं एक काम उचलून ते रुग्णाच्या हातात दिलं जातं, एवढंच. त्याला जमलं तर सगळ्यांचा वेळ वाचतो. नाही जमलं तर तोच माणूस आधी मशिनपुढे आणि मग काउंटरपुढे असा दोनदा उभा राहतो, आणि दुसऱ्यांदा उभा राहतो तेव्हा चिडलेला असतो. म्हणून मशिन कसं चालतं यापेक्षा, ज्याला ते जमत नाही त्याचं काय होतं, इकडे तुमचं लक्ष जास्त हवं.

टप्पा १ : आधी रांग मोजा

मशिन येऊन उभं राहिलेलं असलं तरी हे करा. एक सोमवार आणि आठवड्यातला एक साधा दिवस निवडा, सकाळी आठ ते बारा वही घेऊन नोंदणीजवळ थांबा. रविवारी ओपीडी बंद असते, त्यामुळे सोमवारचा अंदाज इतर दिवसांवरून बांधता येत नाही. दर तासाला किती जण आले, त्यात नवे किती आणि फॉलोअपचे किती, आणि एका नोंदणीला किती वेळ लागला, एवढंच टिपा.

मग साधा गुणाकार करा. समजा, गर्दीच्या तासात ९० जण आले आणि त्यातले ६० फॉलोअपचे आहेत. एकाला मशिनवर दोन मिनिटं लागली तर एक मशिन तासाला ३० जणांचं काम करतं; म्हणजे कागदावर दोन मशिनं पुरतात. प्रत्यक्षात माणसं अशी सारख्या अंतरानं येत नाहीत, साडेनऊच्या सुमाराला एकदम लोटतात. शिवाय दोनातलं एक कागद संपून अडकलं की निम्मी ताकद गेली. म्हणून दोन मशिनं असली तरी त्या तासात काउंटर चालू ठेवायचाच. ‘किऑस्क आला, आता काउंटरचा एक माणूस कमी करू’ असं व्यवस्थापनानं सुचवलं तर ही वही पुढे करा.

या वहीत आणखी एक गोष्ट दिसेल. पेठ, सुरगाणा, कळवणकडचे रुग्ण पहाटेची एसटी धरून येतात, आठच्या आधी दारात असतात आणि त्यांचा जीव परतीच्या गाडीत अडकलेला असतो. कॉलेज रोडवरचा रुग्ण अपॉइंटमेंट घेऊन पावणेअकराला उतरतो. किऑस्क काउंटरबरोबर नऊला सुरू केला तर लवकर आलेल्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. तो साडेसातला सुरू करा. त्या वेळी दारावर फक्त वॉचमन असतो, म्हणून पहिलं प्रशिक्षण वॉचमनला द्या.

टप्पा २ : कुणाला मशिनपुढे उभं करायचं नाही

छातीत दुखतंय, धाप लागलीये, अपघात झालाय, साप चावलाय, फवारणीचं औषध अंगावर किंवा पोटात गेलंय, कळा सुरू झाल्यात, अशा कुणालाही नोंदणीसाठी थांबवायचं नाही, मशिनपुढे नाही आणि काउंटरपुढेही नाही. जखमी माणसावर आधी उपचार आणि सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. पहिल्याच पडद्यावर ‘तातडीचं आहे’ असं मोठं लाल बटण हवं. ते दाबल्यावर काहीही न विचारता कॅज्युअल्टीत घंटा वाजली पाहिजे. नाव-गाव विचारणारं तातडीचं बटण नसलेलंच बरं.

योजनेच्या रुग्णांचा प्रश्न वेगळा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर त्यांचा पहिला थांबा आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, कक्ष. किऑस्कनं त्यांना थेट डॉक्टरांचं टोकन दिलं, ते तासभर बसले आणि आत गेल्यावर ‘आधी आरोग्यमित्राकडे कागद दाखवून या’ असं ऐकावं लागलं, तर त्यांचा राग रास्त आहे. ‘योजनेतून उपचार’ हे बटण ठेवा, आणि ते दाबल्यावर कक्ष कुठे आहे ते सांगणारी चिठ्ठी छापा.

गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंदही किऑस्कवर पूर्ण होऊ शकत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो, त्यात तिचं निवेदन आणि सही लागते. ते काम माणसानंच करायचं. पोलीस केसचंही तसंच.

आणि माझं मत विचाराल तर पहिले काही महिने पहिल्यांदा येणाऱ्या रुग्णालाही मशिनकडे पाठवू नका. नवी नोंदणी म्हणजे नाव, वय, पत्ता, सगळं टाइप करणं आलं. फॉलोअपच्या रुग्णाला फक्त ‘हो, मीच’ म्हणायचं असतं. सुरुवात तिथून करावी.

टप्पा ३ : जागा

दारातून आत आल्यावर दिसेल, पण स्ट्रेचरच्या वाटेत येणार नाही, अशी जागा. काचेच्या दारातून सकाळचं ऊन थेट पडद्यावर येत असेल तर अक्षरं दिसत नाहीत, आणि काही प्रकारचे टच पडदे उन्हात भरकटतात. रिसेप्शनच्या गणपतीशेजारची मोकळी जागा सगळ्यांना सुचते; उदबत्तीचा धूर आणि राख प्रिंटरला मानवत नाही. दाराशी चपला काढायची पद्धत असेल तर मशिन चपलांच्या स्टँडच्या पुढे, आतल्या बाजूला हवं. पावसाळ्यात ओल्या पायांच्या रांगेत विजेचं मशिन नको.

पडद्यावरची बटणं चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला लागली पाहिजेत. जमिनीपासून साधारण १२० सेंटीमीटरच्या वर काही दाबायला ठेवू नका, आणि खुर्ची समोर वळवायला जागा सोडा. मागे उभ्या माणसाला पडदा वाचता येऊ नये म्हणून बाजूनं न दिसणारा फिल्टर लावा आणि फरशीवर दोन हात मागे पट्टी मारा. इंटरनेटसाठी केबलच ओढून घ्या. वायफायवर ठेवलेला किऑस्क नेमका गर्दीच्या वेळी गोल फिरत बसतो.

टप्पा ४ : पडद्यावर काय असावं

चार पडदे पुरतात : भाषा, मोबाइल नंबर किंवा क्यूआर, नावाची खात्री, टोकन. पाचवा पडदा घालायचा आग्रह बहुतेक मार्केटिंगकडून येतो, ‘ईमेल घ्या’, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं विचारा’. ठाम नकार द्या. प्रत्येक जादा प्रश्नागणिक काही माणसं अर्ध्यातून निघून काउंटरला जातात.

पहिला पडदा मराठीत. त्यावर हिंदी आणि इंग्रजीची बटणं. मालेगाव-सटाण्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्यांना मराठी वाचता येतं, पण वाचताच न येणाऱ्या आजींना कुठलीही लिपी सारखीच. त्यांच्यासाठी आवाजातल्या सूचना आणि चित्रं हवीत. विभागांची नावं पुस्तकी ठेवू नका. ‘अस्थिरोग’ म्हटल्यावर माणूस थबकतो, ‘हाडांचे डॉक्टर’ म्हटल्यावर बोट लगेच जातं. खरं तर बहुतेक रुग्णांना विभाग ठाऊकच नसतो, डॉक्टर ठाऊक असतात. डॉक्टरांचा फोटो आणि नाव दाखवणं सगळ्यात सोपं.

द्राक्षबागेत, बांधकामावर काम करणाऱ्यांची बोटं इतकी राठ असतात की पडदा स्पर्श ओळखत नाही. ते दोनदा, तीनदा जोरात दाबतात आणि मग मशिन बिघडलंय असं समजून मागे होतात. बटणं मोठी करा, सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवता येते का ते इंजिनिअरला विचारा, आणि मशिनला रबरी टोकाचं पेन दोरीनं बांधून ठेवा.

काही न करता पडदा आपोआप बंद होण्याची वेळ कंपनी बहुधा फार कमी ठेवते. ती ४५ ते ६० सेकंद ठेवा आणि आधी ‘अजून वेळ हवा का?’ असं विचारू द्या. चष्मा शोधायलाच पंधरा सेकंद जातात. पण आधीच्या रुग्णाचं नाव पडद्यावर रेंगाळणं त्याहून वाईट, म्हणून टोकन छापल्यावर पडदा लगेच कोरा झाला पाहिजे.

छपाई एकदा तपासाच. पुष्कळ थर्मल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेनं छापणाऱ्या, प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं मुळात नसतात. सॉफ्टवेअरनं मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो. तसं केलेलं नसेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा तुटलेली जोडाक्षरं येतात. ज्ञानेश्वर, त्र्यंबक, कृष्णा ही तीन नावं छापून बघा. ती नीट आली तर बाकीची येतील.

टप्पा ५ : जुना रुग्ण ओळखणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि तो लगेच दिसत नाही. एका माणसाच्या दोन नोंदी तयार झाल्या की जुने रिपोर्ट एका नंबरवर आणि आजचा केसपेपर दुसऱ्यावर. पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या नोंदीत राहते आणि डॉक्टरांसमोर कोरं पान येतं.

किऑस्क रुग्णाला मोबाइल नंबरावरून शोधतो. पण घरात नंबर एकच असतो, मुलाचा. त्याच नंबरावर आजोबा, आजी, सून आणि दोन नातवंडं. म्हणून नंबर टाकल्यावर मशिननं परस्पर एकाला निवडता कामा नये. सगळी नावं दाखवून ‘आज कुणाला दाखवायचंय?’ असं विचारावं. नावं दाखवण्याआधी त्या नंबरावर ओटीपी जावा, नाहीतर कुणीही कुणाचा नंबर टाकून घरातलं कोण आजारी आहे ते बघेल. आणि मुलगा अंबडच्या कारखान्यात ड्यूटीवर, फोन त्याच्याजवळ, आई इथे, हे रोजचंच आहे. तेव्हा ओटीपी नसेल तर रुग्णालयाच्या कार्डावरचा बारकोड चालला पाहिजे.

जन्मतारखेवर फार विसंबू नका. जुन्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना १ जून लिहिली गेली, आणि ज्यांना फक्त वर्ष माहीत होतं त्यांच्या कागदांवर १ जानेवारी दिसते. नाव आणि तारीख दोन्ही जुळली तरी माणूस वेगळा असू शकतो. एका गावात एकाच आडनावाची अर्धी वस्ती असते.

नावाचा क्रमही ठरवून घ्या. आपल्याकडे कुणी आडनाव आधी सांगतं, कुणी शेवटी. बाईच्या जुन्या केसपेपरवर माहेरचं नाव असतं, नव्या आधारवर सासरचं. पहिलं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव असे तीन वेगळे रकाने हवेत, आणि माहेरच्या नावासाठी चौथा. हे काउंटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी दुरुस्त करा. तिथे गोंधळ असेल तर किऑस्क तोच गोंधळ अधिक वेगानं करेल.

आभा क्रमांक असलेल्यांची ओळख पटवणं सोपं जातं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्याखाली मिळणारा हा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक. रुग्णालय या मिशनशी जोडलेलं असेल तर दर्शनी भागात लावलेला क्यूआर रुग्ण आपल्या मोबाइलवरच्या ॲपनं स्कॅन करतो, नाव-वय-लिंग-पत्ता आपोआप येतो आणि टोकन मिळतं. ‘स्कॅन अँड शेअर’ म्हणतात ते हेच. त्यात टायपिंग नाही, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका नाहीत. मात्र आभा ऐच्छिक आहे. ‘आभा नाही तर नंबर नाही’ असं तुमच्या तोंडून किंवा मशिनच्या पडद्यावरून कधीही जाऊ देऊ नका.

आठवड्यातून एकदा संशयित दुहेरी नोंदींची यादी काढा आणि मेडिकल रेकॉर्ड विभागाकडून त्या एकत्र करून घ्या. तुम्ही स्वतः करू नका. चुकून दोन वेगळी माणसं एक झाली तर ती पुन्हा वेगळी करणं महाकर्मकठीण.

टप्पा ६ : रांग एकच

किऑस्कचे ‘के’ नंबर, काउंटरचे ‘सी’ नंबर, फोनवरचे ‘ए’ नंबर असं कुणीतरी सुचवतं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये भांडण ठरलेलं. के-१२ आत गेला आणि सी-१२ वाट पाहतोय, हे बसलेल्यांना कुठल्याही भाषेत समजावता येत नाही. टोकन कुठूनही घेतलेलं असो, एका डॉक्टरांची एकच मालिका ठेवा.

अपॉइंटमेंटवाले आणि थेट आलेले यांचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा, म्हणजे दोन अपॉइंटमेंटचे आणि मग एक थेट आलेला, असं काहीतरी, आणि ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. नियम कुठलाही चालतो. तो दिसला पाहिजे. ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणणारे हा स्वतंत्र समाज आहे. त्यांना वेगळं बटण द्या आणि दर पाच रुग्णांनंतर एक रिपोर्ट, अशी जागा ठेवा. नाहीतर ते चेंबरच्या दाराला टेकून उभे राहतात आणि दर वेळी दार उघडलं की आत डोकावतात.

चेंबरच्या दाराशी बसलेला डॉक्टरांचा असिस्टंट हा या सगळ्यातला खरा सत्ताधीश. तो स्वतःच्या कागदावरून नावं पुकारत असेल तर तुमचं मशिन शोभेचं आहे. नवी पद्धत आणताना सगळ्यात आधी त्याच्याबरोबर चहा घ्या, त्याच्या अडचणी ऐका. त्याला एक बटण द्या, ‘पुढचा’. आणि दुसरं, ‘हा रुग्ण आधी घ्या’. कारण ताप अंगात फणफणलेलं मूल नंबराची वाट पाहू शकत नाही आणि ते त्यालाच आधी दिसतं. हे दुसरं बटण दाबल्यावर कारण निवडावं लागेल असं करा, म्हणजे ओळखीची माणसं त्यातून आत जाणार नाहीत. निदान कमी जातील.

डॉक्टरांचं वेळापत्रक रोज सकाळी हातानं तपासा. सर ऑपरेशनमध्ये आहेत, मॅडम परिषदेला पुण्याला गेल्यात, आणि किऑस्क त्यांच्या नावानं शांतपणे टोकन वाटतोय, ही चूक पहिल्या महिन्यात हमखास होते. रजेचा निरोप फ्रंट ऑफिसला कुणी द्यायचा हे नावानिशी ठरवून घ्या. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

टप्पा ७ : शेजारचा माणूस

पहिले तीन महिने मशिनशेजारी एक मदतनीस लागतोच. त्यानंतरही गर्दीच्या तासांत लागतो. या कामाला आयटीचा मुलगा नको. धीर असलेली, आवाजात गोडवा असलेली, शक्यतो अहिराणी किंवा कोकणा समजणारी व्यक्ती हवी. बरेचदा वॉर्डातल्या एखाद्या मावशी हे काम पदवीधरांपेक्षा सुंदर करतात.

तिला काय सांगायचं? ‘नोंदणी तिकडे, मशिनवर’ असं बोट दाखवायचं नाही. ‘या काका, आपण दोघं करू’ असं म्हणायचं. पहिलं बटण रुग्णाला दाबू द्यायचं. रुग्ण घाबरला, थांबला, नको म्हणाला तर एका वाक्यात काउंटरवर न्यायचं, आणि तिथे त्याला रांगेच्या शेवटी उभं करायचं नाही. मशिनपुढे घालवलेला वेळ त्याच्या नावावर जमा झाला पाहिजे.

मदतनीस सगळंच स्वतः दाबायला लागली तर सावध व्हा. तेव्हा तो किऑस्क राहिला नाही, खुर्ची नसलेला काउंटर झाला. दोष तिचा नसतो, पडद्याचा असतो. कुठल्या पायरीवर लोक अडतात ते तिला विचारा. तिच्याइतकं नेमकं कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही.

टप्पा ८ : रोजचं काम

सकाळी मशिन चालू केल्यावर एक खोटं टोकन छापून बघा. तारीख-वेळ बरोबर आहे का, अक्षरं ठसठशीत आहेत का, हॉलमधल्या फलकावर नंबर येतो का. यूपीआयचा क्यूआर चिकटवलेला असेल तर तो आपलाच आहे ना, हे स्वतःच्या फोननं स्कॅन करून नाव वाचून बघा. वर दुसराच स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचा प्रकार दुकानांत होतो, इथेही होऊ शकतो.

कागदाचा रोल बदलणं शिकून घ्या, इंजिनिअरची वाट पाहू नका. बहुतेक किऑस्कमध्ये ८० मिलिमीटर रुंदीचा थर्मल रोल असतो. या कागदाची एकच बाजू छापते. रोल उलटा घातला तर मोटार फिरते, कागद बाहेर येतो आणि तो कोरा असतो. मग ‘प्रिंटर गेला’ म्हणून फोनाफोनी सुरू होते. नखानं ओरखडा काढा, जिथे काळी रेघ उठते ती छपाईची बाजू. कडेला रंगीत पट्टा दिसू लागला की रोल संपत आलाय. गर्दी व्हायच्या आत बदला, उरलेला तुकडा दुपारच्या निवांत वेळेला वापरा. रोलचा खोका खिडकीत उन्हात ठेवू नका, तो काळवंडतो. आणि थर्मल छपाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख किंवा औषधाची सूचना फक्त त्या चिठ्ठीवर कधीच देऊ नये.

पडदा पुसताना फवारा पडद्यावर मारायचा नाही, मऊ कापडावर मारायचा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण कंपनीच्या पुस्तिकेत एकदा खात्री करून घ्या. फरशीचं फिनाइल, ब्लीच, ॲसिड यांनी पडद्यावरचा थर उतरतो. हाउसकीपिंगच्या मावशींना कापड आणि बाटली वेगळी काढून द्या, नाहीतर हाताला येईल ते वापरलं जातं, आणि त्यात त्यांची चूक नाही. मशिनशेजारी हँडरबची बाटली हवीच. आजारी माणसांनी दिवसभर एकाच काचेला हात लावलेला असतो.

ओपीडी संपल्यावर त्या दिवशीच्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये गेल्या की नाही ते बघा, मशिन रीस्टार्ट करा, आणि अपडेट रात्रीच होतील अशी वेळ लावा. सकाळी दहाला ‘अपडेट होत आहे, कृपया थांबा’ दिसण्यासारखा अपमान नाही. खरेदी करायची असेल तर आत कुठली प्रणाली आहे ते विचारा. साध्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि जुना माल अजूनही स्वस्तात गळ्यात मारला जातो.

टप्पा ९ : पैसे घेत असाल तर

शक्य असेल तर सुरुवातीला किऑस्कवर पैसे घेऊच नका. घ्यायचेच असतील तर छापील स्टिकरऐवजी पडद्यावर रकमेसकट येणारा क्यूआर वापरा, म्हणजे पैसे आले की मशिनला आपोआप कळतं. ‘पैसे कापले, पावती नाही आली’ ही तक्रार येणारच. अशा वेळी पुन्हा पैसे भरायला सांगायचं नाही. व्यवहार क्रमांक लिहून घ्यायचा, टोकन द्यायचं, आणि संध्याकाळी अकाउंट्सकडून जुळवणी करून घ्यायची. तपासणी थांबवून हिशेब मिटवू नये.

टप्पा १० : बंद पडल्यावर

बंद पडणार, हे धरूनच चाला. यूपीएस मशिनबरोबर नेटवर्कच्या डब्यालाही द्या. वीज गेल्यावर मशिन चालू आणि इंटरनेट बंद, हा विनोद पुष्कळ ठिकाणी घडतो. महावितरणचं देखभालीचं वेळापत्रक फ्रंट ऑफिसच्या भिंतीवर लावा.

काउंटरच्या खणात छापील टोकनांचं पुस्तक तयार ठेवा, ५०१ पासून पुढे. मशिन ८४ वर बंद पडलं तर ५०१ पासून वाटायला लागायचं. आधीच्या नंबरांशी गल्लत होत नाही आणि बसलेल्यांना ‘८४ नंतर ५०१’ हे एका वाक्यात सांगता येतं. कधीपासून बंद आहे ते वहीत लिहा. पाच मिनिटांत सुरू झालं नाही तर पडद्यावर ‘बंद आहे, काउंटरवर या’ असा फलक अडकवा आणि इंजिनिअरला फोन करा. मशिन परत सुरू झालं तरी त्या सत्रात पुस्तकच चालू द्या. मधूनच परत मशिनवर गेलात तर दोन रांगा होतात.

टप्पा ११ : लोकांची माहिती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला फार वेळ उरलेला नाही. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या पातळीवर त्याचा अर्थ असा : काय माहिती घेतोय आणि कशासाठी, हे पडद्यावर साध्या मराठीत लिहिलेलं हवं. जाहिरातीच्या मेसेजांची संमती आधीच टिक केलेली नसावी. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती उपचारापलीकडच्या कामासाठी घ्यायची तर आई-वडिलांची किंवा पालकाची संमती लागते. जीवावर बेतलेल्या वेळी संमतीसाठी अडून बसण्याची गरज नाही, तशी मोकळीक कायद्यातच आहे.

आधारच्या झेरॉक्स मशिनजवळ पडू देऊ नका. टोकनवर पूर्ण नाव आणि विभाग दोन्ही छापू नका. मानसोपचार किंवा एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्राची चिठ्ठी हातात धरून माणूस हॉलमध्ये बसतो, शेजारी गावचं कुणी असतं. नंबर आणि खोली पुरते. पुकारतानाही नंबरच पुकारा. मशिनचे यूएसबी पोर्ट झाकलेले आहेत का ते बघा, आणि कंपनीचा इंजिनिअर बदलला की ॲडमिनचा पिन बदला.

टप्पा १२ : महिन्याला काय बघायचं

कंपनी तुम्हाला ‘एकूण टोकनं’ असा रंगीत आलेख पाठवेल. तो मोठाच दिसतो, कारण रुग्ण येतातच. तुम्ही दुसरे आकडे मागा : किती जणांनी सुरू करून अर्धवट सोडलं आणि कुठल्या पडद्यावर, किती जणांनी मदतनिसाच्या हातानं केलं, टोकन छापल्यापासून चेंबरमध्ये जाईपर्यंत किती वेळ लागला, दुहेरी नोंदी किती झाल्या. ओटीपीच्या पडद्यावर सगळ्यात जास्त लोक सुटत असतील तर कार्डाचा बारकोड पुढे आणा. भाषेच्या पडद्यावर सुटत असतील तर बटणं लहान आहेत. चेंबरपर्यंतचा वेळ तसाच असेल तर अडचण मशिनमध्ये नाही, डॉक्टरांच्या वेळापत्रकात आहे, आणि ती बैठकीत कुणीतरी बोलून दाखवावी लागते.

नाशिककरांना एक जादा काम आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची प्रमुख स्नानं आहेत. पंचवटी, द्वारका, मुंबई नाका परिसरातल्या रुग्णालयांकडे बाहेरच्या राज्यांतले यात्रेकरू येतील. ते तुमच्या नोंदीत नसतील, काहींचा फोन गर्दीत हरवलेला असेल. त्यांच्यासाठी ओटीपीशिवायची नवी नोंदणी काउंटरवरच ठेवा, हिंदीचे पडदे आतापासून वाचून घ्या, आणि ‘हरवलेला / सोबत कुणी नाही’ असा एक रकाना सॉफ्टवेअरमध्ये मागून घ्या. पर्वण्यांच्या दिवसांत रस्ते बंद असतात, इंजिनिअर पोहोचणार नाही. थर्मल रोल, एक जादा प्रिंटर आणि ५०१ पासूनची पुस्तकं २०२७ च्या जुलैअखेर खणात असू द्या.